किट लेन्स, मॅन्युअल मोड आणि अंधार : दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

‘18-55 किट लेन्स रात्री काही कामाची नाही, सरळ 50 ची प्राइम घे.’ दिवाळीत क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा घेतल्यापासून हा सल्ला ऐकतोय. किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी 18 ते 55 मिमीची झूम, प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. आता पाऊस तोंडावर आलाय, मधल्या काळात कॅमेरा बहुतेक वेळा अंधारातच बाहेर पडला, आणि हा सल्ला मला अर्धाच पटलाय.

आकाशापुरतं गणित बघा. किटच्या f/3.5 ऐवजी प्राइमचं f/1.8 (आकडा लहान तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं) म्हणजे जवळपास चौपट प्रकाश, हे खरं. पण तारे सरकतात. त्यांच्या रेघा न होता शटर किती सेकंद उघडं ठेवता येईल, याचा ढोबळ हिशेब: 500 ला फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा) गुणिले 1.5 (क्रॉप सेन्सरसाठी) ने भागा. 18 मिमीला साधारण 18 सेकंद मिळतात, 50 ला जेमतेम साडेसहा. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने बरंचसं गेलं. शिवाय 50 मध्ये आकाशगंगेचा एक तुकडाच मावतो, खाली डोंगर घ्यायचा तर विसराच. 24 मेगापिक्सेलवर 18 सेकंदांतही तारे किंचित लांबट दिसतात, म्हणून मी मॅन्युअल मोडमध्ये (सगळे आकडे आपणच ठरवायचे) 13 सेकंद, f/3.5, ISO (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 वर स्थिरावलोय. उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा उणेकडे जाऊन बसतो, बसू द्यावा. स्क्रीनवर मात्र विसंबू नका, अंधारात काळपट फोटोही झकास उजळ दिसतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचा.

खरी डोकेदुखी फोकसची. नव्या किट लेन्सची रिंग नुसती गोल गोल फिरते, अनंताला (अगदी दूरच्या फोकसला) अडत नाही, अंतराचे आकडेही नाहीत. मे महिन्यात स्वातीची चांदणी रात्री डोक्यावर असते. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चालू दृश्य) पूर्ण झूम करून तिचा ठिपका सगळ्यांत बारीक होईपर्यंत रिंग केसभर-केसभर फिरवायची. एवढं करून कॅमेरा स्टँडबायला गेला की फोकस सरकू शकतो! त्यामुळे स्टँडबायची वेळ आधी वाढवून ठेवा. रिंगला चिकटपट्टी लावण्याचा जुना उपाय इथे चालत नाही, कारण सरकते ती आतली मोटर.

मरीन ड्राइव्हवर हेच सगळं उलटं. ISO 100, f/11, दहा-पंधरा सेकंद. गाड्यांच्या रेघा लांब येतात, दिव्यांना चांदणीसारखे किरण फुटतात. इथे किट लेन्सला नाव ठेवायला जागा नाही. जागा आहे ती हलक्या ट्रायपॉडला: समुद्राचा वारा सुटला की तो थरथरतो. लेन्सवर खर्च करण्याआधी ट्रायपॉडवर करा, हे माझं ठाम मत. स्टॅबिलायझेशन (हात हललेलं सावरणारी सोय) बंद आणि दोन सेकंदांचा टायमर, हे फुकटात.

काजव्यांसाठी भंडारदऱ्याकडे गेलो तेव्हा प्राइमवाल्यांचं म्हणणं पटलं. काजवा क्षणभर चमकून विझतो. शटर कितीही वेळ उघडं ठेवलं तरी त्या एका लुकलुकीचा उजेड वाढत नाही, तिथे ॲपर्चरच लागतं. मी उजेड असताना झाडाची एक फ्रेम घेतली, मग ट्रायपॉड न हलवता 30 सेकंदांच्या फ्रेम्स ओळीने घेतल्या आणि घरी लाइटन मोडमध्ये (जिथे जी फ्रेम जास्त उजळ तीच दिसते) एकावर एक चढवल्या. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतला रवाळपणा कमी करणारी सोय) अशा वेळी बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो. आणि कृपा करून फ्लॅश, टॉर्च नको. नर चमकतो तो मादीसाठी, आपल्या रीलसाठी नाही.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मात्र किट लेन्सने साफ मान टाकली. लेझीमवाल्यांचे हात थांबवायचे तर शटर निदान 1/125 सेकंद हवं. थोडं झूम केलं की ॲपर्चर f/5 वर येतं आणि ISO 6400 लाही चेहरे काळवंडलेले. तिथे ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. म्हणून गणपतीआधी 50 ची प्राइम घेतोय, तीही सेकंडहँड. भंडारदऱ्याला मात्र पुढच्या वर्षी दोन्ही लेन्स नेणार.