पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक: एक पावसाळा आणि दीड मिलिमीटर

काम शिमग्याच्या आधी झालं आणि लिहितोय दिवाळी उलटल्यावर. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर ‘या फंदात पडू नका’ एवढंच लिहिलं असतं. पावसाळ्याने माझं मत बदललं. एका गोष्टीवरचा राग मात्र अजून तसूभर कमी झालेला नाही, आणि ज्यांच्या डोक्यात हे काम करून घ्यायचं आहे त्यांना ती गोष्ट आधी कळावी म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. शोभेला ठेवलेली नाही. कराडहून कोयनानगर, हेळवाक, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, हा तिचा नेहमीचा रस्ता. ड्रम ब्रेक कसे असतात हे पद्मिनीवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी एवढंच: ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं भांडं, त्याला आतून शू दाबतात; डिस्क म्हणजे उघडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. शूवरचे लायनर चांगले, शू ढकलणारे व्हील सिलिंडर चांगले आणि नीट ऍडजस्ट केलेले शू असतील तर ती गाडी थांबते, वाईट थांबत नाही. जोरात दाबलं तर चाकं जामही होतात, म्हणजे ताकद कमी पडते असं नाही. शेवटी गाडी थांबवतो तो टायर. ‘डिस्क लावल्यावर गाडी निम्म्या अंतरात थांबते’ असं जे सांगतात त्यावर मी आधीही विश्वास ठेवला नव्हता, आजही ठेवत नाही.

माझी तक्रार होती ती गाडी ओढण्याची. ड्रममध्ये पुढचा शू ड्रमच्या फिरण्यानेच आणखी आत खेचला जातो. त्यामुळे पायाला जोर कमी लागतो, पण डाव्या-उजव्या चाकात थोडाही फरक असला तर तो फरकही त्याच हिशोबाने वाढतो. एका बाजूच्या लायनरला जरा ओल लागली, एका सिलिंडरचा कप जरा झिरपला, की स्टिअरिंग हातातून निघायला बघतं. घाटात समोरून ट्रक येत असताना पुढची गाडी अचानक थांबली, तर आपली गाडी सरळ थांबेल की उजवीकडे जाईल हे माहीत नसणं फार वाईट. महिन्या-दीड महिन्याला ऍडजस्ट करून घ्यायचं, चार दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. शिवाय भाग मिळेनासे झालेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. तिची २० वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. टॅक्सीवाले होते तोवर दुकानदार माल ठेवत होते. आता चांगला व्हील सिलिंडर शोधायला चार ठिकाणी फोन करावा लागतो.

‘जुन्या गाडीला डिस्क लावणं म्हणजे तिची अब्रू घालवणं’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. आपली पद्मिनी ज्या फियाट ११००डी वरून आली, तिच्या जागी इटलीत १९६६मध्ये ११००आर आली आणि तिला पुढे डिस्क ब्रेक होते. माझी गाडी त्यानंतर बारा वर्षांनी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली ती चारही चाकांना ड्रम घेऊन. म्हणजे त्या घराण्याला डिस्क परकी नाही. इकडे ती यायची राहिली होती.

पुण्याच्या एका गॅरेजमध्ये काम केलं. नाव लिहीत नाही. डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मारुतीच्या छोट्या गाडीचे, कारण पॅड कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. कॅलिपर धरणारे ब्रॅकेट जाड पोलादी पट्टीतून टर्नरकडून करून घेतलेले. मूळ स्टब ऍक्सलला (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो भाग) भोक पाडलेलं नाही की वेल्डिंग केलेलं नाही, ही माझी अट होती. सोबत व्हॅक्यूम बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा) आणि टँडम मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा, दोन भागांचा). मागचे ड्रम आणि हँडब्रेक तसेच ठेवले. सगळं मिळून ४०,००० रुपयांच्या घरात गेलं.

त्यातल्या टँडम मास्टरबद्दल दोन वाक्यं. मूळ गाडीत चारही चाकांना एकच लाइन. कुठलाही एक पाइप फुटला, एक सिलिंडर गळला, की पेडल थेट फळीला. टँडममध्ये पुढची आणि मागची लाइन वेगळी, एक गेली तरी दुसरी उरते. डिस्कला पैसे नसतील तर नुसतं एवढं तरी करून घ्या, असं मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं आहे.

आता मूळ मुद्दा.

शिमग्याला चिपळूणला निघालो. पाटण ओलांडेपर्यंत ब्रेक उत्तम, पेडल मऊ, गाडी सरळ थांबत होती. कोयनानगरच्या आसपास गाडी जड वाटायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना. पेडल वर आलं होतं आणि दगडासारखं कडक. घाटात शिरल्यावर जळका वास, पुढच्या दोन्ही रिमला हात लावता येईना. गॅरेजला फोन केला. उत्तर: “नवीन पॅड आहेत साहेब, बसायला वेळ लागतो. चालवत राहा.” घाटात, घरची माणसं गाडीत असताना, तापलेल्या ब्रेकवर ‘चालवत राहा’ हा सल्ला! मी गाडी बाजूला घेऊन थंड होऊ दिली. थंड झाल्यावर चाकं आपोआप मोकळी झाली, थोडं पुढे गेल्यावर पुन्हा आवळली. असं थांबत थांबत पोफळीपर्यंत उतरलो.

चिपळूणला एक वयस्क मिस्त्री आहेत, आयुष्यभर फियाट आणि ऍम्बॅसॅडर केलेले. त्यांनी चाक जाम असतानाच पुढच्या कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल केला. ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक हाताने फिरलं. “कॅलिपर चांगला आहे, ऑइल आत कोंडतंय,” म्हणाले. मग मास्टर सिलिंडर बूस्टरला धरणारे दोन नट सैल करून मास्टर जरासा पुढे घेतला. त्यानंतर चाकं आवळली नाहीत. “दादा, रॉड लांब आहे.”

झालं होतं असं. बूस्टरमधून एक पुशरॉड निघतो आणि मास्टरच्या पिस्टनला ढकलतो. पेडलवर पाय नसताना पिस्टन पूर्ण मागे गेला पाहिजे, कारण तो मागे गेला तरच मास्टरमधलं बारीक परतीचं भोक उघडं राहतं. ब्रेक तापले की ऑइल फुगतं, आणि ते फुगलेलं ऑइल त्या भोकातून वरच्या डबीत परत जातं. रॉड लांब असेल तर पिस्टन कायम किंचित पुढे राहतो आणि भोक झाकलेलं राहतं. ऑइलला जायला वाट नाही, म्हणून ते पॅड दाबतं, पॅड डिस्क तापवतात, ऑइल आणखी फुगतं, पॅड आणखी आवळतात. मिस्त्रींनी रॉडच्या टोकाला मेणाचा गोळा लावून मास्टर बसवला, काढला, आणि मेण किती चेपलं ते पाहिलं. रॉड सुमारे दीड मिलिमीटर जास्त होता. रॉडला ऍडजस्ट करायचा स्क्रू होताच. तो फिरवला, टोकाला अगदी बारीक फट ठेवली, संपलं. चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. मजुरी मागितली तीही इतकी कमी की मला जबरदस्तीने जास्त द्यावी लागली.

४०,००० रुपयांच्या कामात फुकट करता येणारं एकमेव मोजमाप ते हेच, आणि नेमकं तेच केलेलं नव्हतं! वेगळ्या गाडीचा बूस्टर आणि वेगळ्या गाडीचा मास्टर एकत्र जोडताना रॉडची लांबी जुळणार नाही, हे गृहीतच धरायला हवं. ट्रायल मारली ती गॅरेजभोवती, ब्रेक तापायच्या आत परत. मी गाडी परत नेली तेव्हा पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि एका डिस्कवर निळसर डाग पडला होता. त्यावर मलाच ‘चेकिंग’चे पैसे मागितले. बराच वाद झाला. शेवटी पॅड बदलून दिले, डिस्क लेथवर साफ करायचा खर्च माझ्या गळ्यात. मी ते पैसे विसरलेलो नाही. काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने समोर उभं राहून रॉडची फट मोजून घ्यावी, मग चाकं जॅकवर घेऊन पेडल दाबावं, सोडावं आणि लगेच चाक हाताने फिरवून बघावं. नंतर वीसेक किलोमीटर भर रहदारीत चालवून रिमला हात लावावा. हे झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

एवढं झाल्यावर मी जुने ड्रम परत बसवायच्या विचारात होतो. सगळे मूळ भाग ग्रीस लावून खोक्यात ठेवलेलेच आहेत. मग जूनचा शेवट आला.

कुंभार्लीतला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. रस्त्यावरून पाणी वाहतं, ड्रममध्ये शिरतं, आणि पहिल्यांदा पेडल दाबलं तर काहीच होत नाही. दुसऱ्यांदा एका बाजूने पकडतं. वर्षानुवर्षं मी पावसात डाव्या पायाने पेडल हलकं दाबून ब्रेक ‘वाळवत’ चालवत होतो. डिस्क उघडी असते, फिरताना पाणी उडवते, उरलेलं पॅड पुसून टाकतात. या पावसाळ्यात पहिल्या दाबाला जे मिळालं तेच शेवटच्या दाबाला, आणि गाडी सरळ. उतारावरही तेच. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जात राहतं. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेनेच फुगते. हेळवाकपासून पोफळीपर्यंत पेडलची उंची बदलली नाही, हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी गॅरेजवाल्यावरचा राग बाजूला ठेवून डिस्कच्या बाजूने झालो. अंतर कमी झालं की नाही ते मी मोजलेलं नाही. हातातलं स्टिअरिंग स्थिर राहतं, आणि मी पैसे त्यासाठीच दिले होते.

बूस्टरबद्दल सावध करतो. डिस्कला ड्रमसारखी आपोआप खेचून घेण्याची सवय नाही, म्हणून पायाचा जोर जास्त लागतो आणि बूस्टर घ्यावाच लागतो. बूस्टर चालतो इंजिनच्या व्हॅक्यूमवर. आमच्या वडिलांच्या पिढीत पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे खूप होते. तेव्हाही ते धोक्याचंच होतं, बूस्टर असताना तर अजिबात करू नका. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि मग पेडल भिंत होतं. इंजिन चालू, दुसरा गिअर, आणि ब्रेक अधूनमधून. व्हॅक्यूमचा निपल इंजिनच्या मॅनिफोल्डला (हवा आत नेणाऱ्या नळीला) नीट बसला नाही तर आयडलिंग बिघडतं. माझं बिघडलं होतं, क्लिप घट्ट केल्यावर बसलं.

मूळ रिम आणि व्हील कॅप तशाच राहिल्या, बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. फक्त कॅलिपर आणि रिममध्ये बोटभर जागा आहे, तेव्हा बॅलन्सिंगवाल्याला आतल्या बाजूला चिकटवायची वजनं लावू देऊ नका, कॅलिपरला घासतात. रात्रभर पावसात गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज येतो आणि सकाळी घरघर ऐकू येते. दोन-चार ब्रेकमध्ये जाते, घाबरू नका.

ब्रेक ऑइलमध्ये काटकसर करू नका, हे मी सांगतोय, ज्याला लोक चिक्कू म्हणतात. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, ओल धरलेलं १४० अंशांना. डॉट ४चे तेच आकडे २३० आणि १५५. घाटात वापर असेल तर डॉट ४ घ्या आणि दोन वर्षांनी बदला. रबराचे कप डिझेलने किंवा पेट्रोलने धुणाऱ्या माणसाच्या हातात ब्रेक देऊ नका, कप फुगतात आणि मग पुन्हा जाम.

राहिला मूळपणाचा प्रश्न. २०२१च्या व्हिंटेज नियमांत गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, आणि मोठ्या बदलांची जी उदाहरणं दिली आहेत ती चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांची. ब्रेकचं नाव त्यात नाही. पण व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. माझ्या गाडीला २०२८मध्ये ५० वर्षं होतील. मला ती चिपळूणला न्यायची आहे, तेव्हा मी त्या वाटेला जाणार नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी माझ्यासारखी ‘भोक नाही, वेल्डिंग नाही’ ही अट घालावी आणि जुने भाग भंगारात देऊ नयेत.

सध्या लक्ष मागच्या चाकांकडे आहे. पुढचे ब्रेक इतके चांगले झाल्यावर मागचे ऍडजस्ट करायचं लोक विसरतात, आणि हँडब्रेक तर त्यांच्यावरच आहे. मागे जाणारा लोखंडी पाइप अजून मूळ आहे, आतून कसा आहे ते दिसत नाही. पुढच्या पावसाच्या आत तो आणि मधला रबरी होज बदलणार आहे, चिपळूणच्या मिस्त्रींकडेच.