परदेशातल्या नव्या बाबांचे गट: कुठला धरावा, कुठला सोडावा

नव्याने बाप झालेल्यांसाठीचे आधारगट साधारण तीन प्रकारचे असतात: प्रत्यक्ष भेटणारा गट, मोबाइलवरचा चॅट ग्रुप आणि एकास एक जोडीदार, म्हणजे तुमच्याशी जोडून दिलेला एक अनुभवी बाबा. बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. तान्हं मूल घरात आणि मदतीला आजी-आजोबा नाहीत, अशा घरात वेळेइतकं महाग काही नसतं. म्हणून निवडून घ्या.

प्रत्यक्ष भेटणारा गट सगळ्यांत उपयोगी, पण नीट बांधलेला असेल तरच. सहा ते आठ जण, मुलांच्या वयात दोन-तीन महिन्यांहून जास्त फरक नाही, पंधरा दिवसांनी दीड तास, आणि एकदा सुरू झाला की नवा माणूस घ्यायचा नाही. दर वेळी नवे चेहरे दिसले की ओळखपाळखीतच बैठक संपते. बायकोशी चाललेली धुसफूस कुणी काढतच नाही. चालवणारे दोघे हवेत. एकाच्याच जिवावर चालणारा गट त्याची बदली झाली की बंद पडतो, आणि परदेशात बदल्या सतत होतात. शिवाय बैठकीत कुणाला रडू आवरेनासं झालं, तर एकाला त्याच्यासोबत बाहेर जाता आलं पाहिजे. चालवणाऱ्याचं मूल दोन वर्षांच्या पुढचं असलेलं बरं. जो स्वतःच रात्रभर जागतोय तो दुसऱ्याचं काय ऐकणार?

सुरुवातीला हाताला काही काम देणारे गट जास्त चांगले चालतात. कार सीटचंच घ्या. पट्टा आवळल्यावर बाळाच्या खांद्यापाशी चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे. जाड जॅकेट आधी काढायचं, पट्टा बांधून झाला की वरून पांघरूण. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि आतला पट्टा ढिला पडतो. थंड देशात नवीन आलेल्यांची ही हमखास चूक. हे करता करता शेजारचा सहज विचारतो, ‘झोप होते का रे?’ आणि बोलणं सुरू होतं. खुर्च्या गोल मांडून ‘आता मन मोकळं करा’ म्हटलं की बहुतेक पुरुष ऑफिसबद्दल बोलायला लागतात. आणखी एक चांगली खूण: कुणी काही सांगायला लागला की आधी त्याला विचारतात, ‘नुसतं ऐकू की काही सुचवू?’

गट कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे नक्की विचारा. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं. रडणं असह्य झालं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवायचं, पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जायचं, शांत होऊन परत यायचं, आणि काहीही झालं तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगितलं पाहिजे. पण अनेक गट तिसऱ्या महिन्याच्या आत गुंडाळले जातात, आणि आमची खरी तक्रार इथेच आहे. पॉलसन आणि बेझमोर या संशोधकांनी २०१० मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्य दिसलं, आणि ते सर्वांत जास्त होतं बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना. तोवर रजा संपलेली असते, विचारपूस करणारे फोनही थांबलेले असतात. सहा महिन्यांपर्यंत चालणार नसेल तो गट अर्धाच.

काही गट बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरणारी, १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली भरून घेतात. दहा प्रश्न, पाच मिनिटांचं काम. मूळ प्रश्नावली आयांसाठी बनवलेली असल्याने वडिलांसाठी धोक्याची रेषा खाली धरावी लागते. गुण जास्त आले तर पुढे कुणाकडे पाठवता, हे विचारा. उत्तर नसेल तर प्रश्नावली भरून घेण्यात अर्थ नाही.

गुप्ततेचा मुद्दा परदेशात वेगळाच असतो. नोकरीवर व्हिसा अवलंबून, आणि त्याच कंपनीतला माणूस समोरच्या खुर्चीत. शिवाय ‘मी मुलावर ओरडलो’ म्हटलं तर बालसंरक्षणवाले दारात येतील, ही धास्ती. चांगला गट हे आधीच स्पष्ट करतो: काय खोलीतच राहील, कुठली गोष्ट कळवावीच लागेल, नावं कुठे नोंदली जातात. एका ऑफिसातल्या दोघांना एकत्र बसवत नाहीत. आपल्या भाषेतल्या गटात मन पटकन मोकळं होतं, पण बातमीही तितक्याच पटकन फुटते. स्थानिक भाषेच्या गटात उलट: बोलताना अडखळायला होतं, पण पाळणाघराच्या रांगेत नाव कधी घालायचं, लसींचं जुनं कार्ड इथल्या वेळापत्रकात कोण बसवून देतं, हे तिथेच कळतं. जमलं तर दोन्हीकडे जा.

चॅट ग्रुपला आमचे पाचपैकी दोन गुण. बाबागाडी विकायला, रात्री तीन वाजता ‘मीही जागा आहे’ एवढं म्हणायला ठीक. रजेचे नियम, वकिलातीतली जन्मनोंदणी यांवरचे जुने मेसेज मात्र फिरत राहतात. तारीख आणि सरकारी दुवा नसेल तर विश्वास ठेवू नका. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर ग्रुपवर विचारायचं नाही, लगेच डॉक्टरकडे.

लहान गावात असाल, जवळपास गटच नसेल, तर बाळंतपणानंतरच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल या संस्थेच्या वडिलांसाठीच्या मोफत ऑनलाइन बैठका बघा. वेळ आपल्या घड्याळात कितीची पडते ते आधी मोजा. बाळाच्या झोपवण्याच्या वेळेवर आली तर दुसऱ्याच बैठकीपासून दांड्या सुरू होतील.

एकास एक जोडीदार मिळत असेल तर पहिला फोन त्यानेच करायचा, असा नियम आहे का ते पाहा. ‘गरज पडली तर फोन कर’ म्हटलं की बाबा फोन करत नाही.