माझदा एमएक्स-५ मोडून घरी बांधलेली किट कार: किटला साडेतीन स्टार, त्यातले तीन नुसत्या चासीचे

आधी आकडा सांगून टाकतो, कारण मला तो कोणी आधी सांगितला नव्हता. किट कार म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी, तिचं बजेट धरलं होतं ४,००० पौंड, गाडी नंबर प्लेट लावून रस्त्यावर आली तोवर साडेपाच हजारांच्या वर गेले, आणि वेळ धरला होता सहा महिने, लागले चौदा. रुपयांत करून बघू नका, मी एकदा केलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी राहतो इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला, सेमी-डिटॅच्ड घर, सिंगल गॅरेज, म्हणजे गाडी आत घातली की दार उघडून बाहेर यायला पोट आत ओढायला लागतं. इथून स्टोनली पार्क जवळच, तिथे मे महिन्यात किट कारचा शो भरला होता, तिथे एकदा फिरायला म्हणून गेलो आणि डोकं फिरलं. लोकांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या गाड्या, बाजूला खुर्ची टाकून बसलेत, चहा पितायत, विचारलं की तासभर सांगतायत. माझे आप्पा कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे घरात पाना आणि कानस लहानपणापासून बघितलेली, पण मी स्वतः आयुष्यभर फक्त कीबोर्ड बडवला. तर म्हटलं बघू या.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये हे वेड जुनं आहे, लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ ला लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार काढली ती सुट्ट्या भागांत विकत, कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि स्वतः जोडायच्या किटवर नाही. १९७३ मध्ये तो टॅक्स जाऊन व्हॅट आला, त्याच वर्षी लोटसकडून सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीने घेतले आणि ते अजून बनवतायत. पण कॅटरहॅम माझ्या खिशाच्या बाहेर. गरिबांसाठीचा रस्ता म्हणजे एखादी जुनी गाडी घ्यायची, तिला इकडे डोनर म्हणतात, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, वायरिंग सगळं काढायचं आणि नवीन पाइपच्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या चौकटीवर, बसवायचं. पूर्वी त्यासाठी फोर्ड एस्कॉर्ट मोडायचे, आता त्या एस्कॉर्टच सोन्याच्या भावात गेल्यात, म्हणून सगळे माझदा एमएक्स-५ कडे वळले.

आणि एमएक्स-५ ही डोनर म्हणून खरंच भारी गाडी आहे, पाचपैकी पाच. मागच्या चाकांना ड्राइव्ह, जुन्या मॉडेलांत चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन दांडे, इंजिन दगडासारखं टिकाऊ. आणि बॉडी? बॉडी म्हणजे नुसता गंज. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने दारांखालचे सिल आणि मागच्या चाकांवरच्या कमानी खाऊन जातात, मग एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक सरकारी तपासणी, फेल, वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, मालक वैतागून विकतो. आपल्याला बॉडी फेकायचीच असते, म्हणजे त्याचं दुखणं आपला फायदा. मला २००१ ची, १.८ इंजिनवाली, लाल, ६५० ला मिळाली. तिचं छत, सीट, दिवे, उजवा दरवाजा असं विकून आणि शेवटी सांगाडा भंगारात घालून ५९० परत आले, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स मला ६० पौंडांत पडले, एवढी एकच खरेदी मी छाती पुढे काढून सांगतो.

आता किट. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोन-तीन माणसांचं वर्कशॉप आहे, माणसं वाईट नाहीत, उगाच पोटावर पाय नको. जाहिरातीत "स्टार्टर किट २,७५०" असं मोठ्या अक्षरात. त्यात येतं काय तर पावडर कोटिंग केलेली चासी, फायबरचे बॉडी पॅनल, ब्रॅकेटची एक पिशवी आणि ईमेलवर पीडीएफ. दिवे नाहीत, आरसे नाहीत, सीट नाहीत, एक्झॉस्ट नाही, ब्रेकचे पाइप नाहीत. डिलिव्हरीचे १८० वेगळे. मी दिवे-आरसे-सीट-बेल्ट याला ६४० घातले, ब्रेक पाइप, होज, बुश (सांध्यातले रबरी तुकडे), पॅड, ऑइल, एक्झॉस्ट मिळून ७२०, टायर २०८, हत्यारं २३०. जाहिरात खोटी नाही म्हणता येणार, "स्टार्टर" लिहिलंय, पण आपण वाचताना तो शब्द वाचतच नाही हो.

चासी मात्र एक नंबर. वेल्डिंग बघून आप्पा व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा गप्प बसले, मग म्हणाले, "हात चांगला हाय ह्या पोराचा." त्यांच्याकडून हे म्हणजे भारतरत्न. भोकं जिथे पाहिजेत तिथेच, चारही कोपऱ्यांत एकही बोल्ट मला पहारीने ढकलावा लागला नाही. तीन स्टार यालाच.

बाकी सगळ्याची बोंब. सहा आठवडे सांगून किट आलं तेरा आठवड्यांनी. हेडलाइटच्या दोन ब्रॅकेट आल्या त्या दोन्ही डाव्या, फोन केला तर "पाठवतो", शेवटी मीच पत्रा कापून उजवी बनवली. आणि ती पीडीएफ! साठ पानं, त्यात "चित्रात दाखवल्याप्रमाणे बसवा" आणि चित्रच नाही. कुठला बोल्ट किती टॉर्कला, म्हणजे किती जोराने, आवळायचा याचा एक आकडा नाही, ते सगळं माझदाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून शोधायचं. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा टॉर्क रेंच हातात घेतलाय त्याने काय करायचं? ब्रेकचं काम आहे राव, आयकियाचं कपाट नाही.

बॉडी उचलायचा दिवस मात्र विसरणार नाही. या प्रकारच्या किटमध्ये इंजिन बाहेर काढायचं नसतं, उलट इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग), चाकं सगळं तसंच जमिनीवर ठेवून वरची बॉडीच उचलायची. बोल्ट काढले, वायरिंग सोडवलं, महाराष्ट्र मंडळातली आठ पोरं पोहे आणि चहाच्या बोलीवर बोलावली आणि "गणपती बाप्पा" म्हणत गाडी डोक्यावर घेतल्यासारखी उचलून बाजूला ठेवली, समोरची आजी खिडकीतून बघत होती, तिला वाटलं असेल चोरीच चाललीये दिवसाढवळ्या. खाली राहिला तो नुसता सापळा, मध्ये गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारा लांब ॲल्युमिनियमचा दांडा आणि दोन टोकांना चाकं.

आणि आता तो बोल्ट. एमएक्स-५ घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. खालच्या विशबोनचे लांब बोल्ट असतात, त्यांच्या डोक्याजवळ गोल तबकडी असते, तो बोल्ट फिरवला की चाकाचा कोन बदलतो. वीस वर्षांत हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजाने चिकटतात आणि मग ना फिरतात ना निघतात. माझे पुढच्या चाकांचे चारपैकी तीन निघाले, डावीकडचा एक हलेना. ऑइल मारून दोन दिवस ठेवला, चार फुटी पाइप पान्याला लावून लटकलो, पाना घसरून हात फुटला. आप्पांना कॅमेऱ्यात दाखवलं तर म्हणाले, "आरं त्येला तापव, मग गार हुं दे, मग परत तापव. दांडगाई करू नगंस." तीन वेळा तापवला, रबर जळून गॅरेजमध्ये असा वास की बायकोने आतून दार लावून घेतलं. चौथ्यांदा तो कट्कन आवाज करून पाव इंच फिरला आणि मी अक्षरशः ओरडलो. पण आटे गेले होते, नवा बोल्ट आणि बुश घ्यावाच लागला. मी बाकी तिन्हीही बदलून टाकले, ग्रीस लावून बसवले. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

वायरिंगला तीन महिने गेले. एमएक्स-५ च्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, काचेच्या मोटरपासून रेडिओपर्यंतच्या वायरी असतात, त्या काढून बारीक करायचा. प्रत्येक वायरला मास्किंग टेप लावून मराठीत लिहिलं, "डावा सिग्नल", "हॉर्न", "हे काय माहीत नाही". एवढं करून किल्ली फिरवली तर नुसतं टक. परत टक. बॅटरी नवी, स्टार्टर बरा. दीड दिवस डोकं खाल्लं तेव्हा पेटलं, चासीवर पावडर कोटिंग आहे आणि त्यातून करंट जातच नाही, म्हणजे अर्थिंगच नाही. अर्थिंगच्या पॉइंटजवळ नाण्याएवढा कोट कानशीने खरवडला, जाड वायर आवळली, आणि पहिल्याच सेल्फला चालू! पीडीएफमध्ये ही एक ओळ लिहायला काय जात होतं यांचं?

मग सरकारी परीक्षा. घरी बांधलेल्या गाडीला इथे आयव्हीए टेस्ट, म्हणजे एकेका गाडीची मंजुरी तपासणी, लागते, मी दिली तेव्हा फी होती ४५०, नापास झालात तर फेरतपासणी ९०. गाडी बिननंबरची, म्हणून मी ट्रेलर भाड्याने घेऊन नेली. परीक्षक माणूस शांत, नम्र आणि डोळे घारीचे. हातात एक गोळा असतो, तो गाडीवरून फिरवतात, गोळा जिथे टेकेल तिथली कड किमान अडीच मिलिमीटर गोलाईची पाहिजे, नाहीतर नापास. म्हणून किट कारवाले प्रत्येक नटावर प्लॅस्टिकची टोपी घालतात. मी सगळीकडे घातल्या आणि घरी बनवलेल्या त्या हेडलाइटच्या ब्रॅकेटची कड विसरलो. दुसरं, वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळ व्हायला पाहिजे, माझं अर्ध्यात थांबायचं, कारण मूळ गाडीपेक्षा पुढचं वजन खूप कमी झालेलं. उपाय काय, तर कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, वाढवायचा, आणि तो त्याच तबकडीवाल्या बोल्टने वाढतो. ते नवे आणि ग्रीस लावलेले होते म्हणून वीस मिनिटांत काम झालं. जुने तसेच ठेवून दिले असते तर मी आज हे लिहीत नसतो, गाडी विकायला काढलेली असती.

दुसऱ्या वेळेला पास. एक टीप, बांधताना प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि सगळ्या पावत्या ठेवा, हौशी माणसाने स्वतः बांधली याचा पुरावा मागतात. आणि शक्यतो सगळे मोठे भाग एकाच डोनरचे वापरा, मग डोनरच्या वयाची प्लेट मिळते, नाहीतर क्यू अक्षराची, म्हणजे वय-मूळ नक्की नसलेल्या गाडीची, मिळते आणि विकताना गिऱ्हाईक नाक मुरडतं.

चालवायला कशी? मूळ गाडी साधारण एक टनाची, ही सहाशे किलोच्या आसपास, इंजिन तेच. तुम्हीच हिशोब करा. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की तोंडातून शिवी येते, चांगल्या अर्थाने. पण समोर काच नाही, छत नाही, दरवाजे नाहीत. हेल्मेट घालून बायकोला एकदा शेजारच्या केनिलवर्थ गावाला नेलं, येताना ती बसने येते म्हणाली. पावसात मांडीवर तळं होतं. भाजी आणायला घेणार असाल तर नकोच, ४,००० मध्ये चांगली चालू एमएक्स-५ येते, छतासकट.

हेच किट परत घेईन का? घेईन, पण चासीसाठी, आणि जाहिरातीतल्या आकड्याला दोनने गुणून मगच बायकोला सांगेन. ज्यांना शनिवार-रविवार गॅरेजमध्ये हात काळे करायला आवडतात त्यांनी घ्या, ज्यांना फक्त गाडी पाहिजे त्यांनी कोणाचीतरी अर्धवट सोडलेली घ्या, अशा बऱ्याच विकायला असतात, का असतात ते वर लिहिलंच आहे.

आणि हो, माझ्याकडे मागचा बंपर आणि डावा दरवाजा अजून पडलाय, लाल रंग, दरवाज्याला खाली गंज आहे. कॉव्हेंट्रीच्या आसपास कोणाला हवा असेल तर फुकट, फक्त येऊन उचलून न्या.