डीएससी असलेला हातातला व्हीएचएफ संच: अनेक स्वयंसेवी पथकांना एकत्र बांधण्यासाठी कितपत उपयोगी?

हातात धरायचे, पाण्यावर तरंगणारे, जीपीएस आणि डीएससी म्हणजे डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग (न बोलता बटणाने ठरावीक संचाला किंवा सर्वांना डिजिटल संदेश पाठवणे) या दोन्ही सोयी असलेले सागरी व्हीएचएफ संच, म्हणजे बोटींवर बोलण्यासाठी वापरायचे रेडिओ, आम्ही किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून घेतले आणि शोधमोहिमांत व सरावांत पुरेसे वापरले. त्यांचे हे परीक्षण एकट्या नौकाचालकाच्या नव्हे, तर समन्वय करणाऱ्याच्या नजरेतून केले आहे. येथे सांगितलेले गुणदोष या वर्गातील बहुतेक संचांना लागू पडतात, त्यामुळे कोणत्याही एका कंपनीचे नाव घेत नाही. माझे मत आधीच सांगतो: संच घेण्याजोगे आहेत, मात्र जाहिरातीत संकटसंदेश पाठवणाऱ्या ज्या लाल बटणाचा गाजावाजा असतो त्या बटणासाठी नव्हे.

समुद्रात कोणी बेपत्ता झाल्याची खबर आली की अधिकृत समन्वय केंद्राच्या हाताखाली मासेमारी बोटी, पुळणीवरचे जीवरक्षक, नौकानयन मंडळाच्या लहान बोटी, पाणबुड्यांचा एखादा गट अशी मंडळी उतरतात. प्रत्येकाची कामाची रीत वेगळी आणि प्रत्येकाचा आपापला व्हॉट्सअॅप ग्रुप. माणसे गोळा करण्यासाठी तो ग्रुप उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण बोट किनारा सोडून पुढे गेली की फोनची रेंज जाते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि मुख्य म्हणजे फोनवरचे बोलणे दोघांपुरते राहते. व्हीएचएफवर एक जण बोलला की त्या चॅनेलवरचे सगळे ऐकतात. शेजारच्या पट्ट्यात कोण शोध घेत आहे, कोणाला लाइफजॅकेट सापडले, कोण इंधनासाठी परतत आहे, हे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

संकट आणि प्राथमिक हाकेसाठी चॅनेल १६ (१५६.८ मेगाहर्ट्झ), डीएससीच्या डिजिटल संदेशांसाठी चॅनेल ७०, जिथे तोंडाने बोलायला मनाई आहे, आणि घटनास्थळी जहाजे व विमाने यांच्यातील बोलण्यासाठी चॅनेल ६ ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था संचात आधीपासूनच असते. ड्युअल वॉच चालू ठेवल्यास कामाच्या चॅनेलवर राहूनही १६वर कान राहतो. ही सोय पथकांनी वापरलीच पाहिजे, नाहीतर सगळे आपसातल्या चॅनेलवर गप्पा मारत राहतात आणि केंद्र १६वर हाका मारत बसते.

आता खऱ्या उपयोगाकडे येतो. डीएससीमुळे एका संचावरून दुसऱ्या संचाची जागा विचारता येते, आणि उत्तरादाखल आलेले अक्षांश-रेखांश पडद्यावर अंतर व दिशेसह दिसतात. कोणाला बोलावे लागत नाही आणि कोणाला लिहून घ्यावे लागत नाही. याची किंमत कळायची असेल तर मिश्र पथकांत जागा तोंडी सांगताना काय घडते ते पाहावे. समुद्रावर अंश आणि दशांश मिनिटे ही रूढ पद्धत आहे, तर फोनचा नकाशा बहुधा दशांश अंश दाखवतो. किनाऱ्यावरचा जीवरक्षक फोनमध्ये पाहून अक्षांशाचा ‘पॉइंट पाच शून्य’ असा अपूर्णांक सांगतो. तो अर्धा अंश, म्हणजे ३० मिनिटे असतो. बोटीवरचा तांडेल मात्र ५० मिनिटे लिहून घेतो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे २० मिनिटांच्या या फरकाने बोट जवळजवळ ३७ किलोमीटर भलतीकडे जाते. एवढी मोठी चूक निदान कोणाच्या तरी लक्षात येते. दशांश मिनिटे ‘३०.५०’ ही ३० मिनिटे ५० सेकंद म्हणून वाचली गेली तर फरक सुमारे ६०० मीटरच पडतो, कोणाला शंकाही येत नाही, आणि लाटांतले डोके तर त्याहून कितीतरी कमी अंतरावरूनही दिसत नाही. दोन नॉटचा, म्हणजे ताशी दोन सागरी मैलांचा प्रवाह २० मिनिटांत माणसाला सव्वा किलोमीटर वाहून नेतो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘पुन्हा सांगा, ओव्हर’ यात गेलेला वेळ किती महाग पडतो ते कळते.

मात्र ही सोय आयती मिळत नाही. प्रत्येक संचाला एमएमएसआय हा ओळखीचा नऊ अंकी क्रमांक लागतो, तो आपापल्या देशाच्या परवाना देणाऱ्या यंत्रणेकडून घ्यावा लागतो, आणि अनेक संचांत तो एकदाच किंवा फार तर दोनदा भरता येतो. सर्वांना एकदम हाक देण्यासाठी शून्याने सुरू होणारा गट-क्रमांक असतो, पण तोही प्रत्येक संचात भरलेला हवा. एका संस्थेने सदस्यांची नावे भरली, दुसरीने नुसते आकडे ठेवले, तिसरीने खोकेच उघडले नाही, असे झाले की ऐन वेळी पडद्यावर अनोळखी नऊ आकडे उमटतात. त्यातून संच एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर गेला तर क्रमांक त्याच्याबरोबर जातो आणि यादी खोटी पडते. आम्ही बोटीचे नाव न भरता संचावर रंगवलेला अनुक्रमांकच नाव म्हणून भरला, आणि निघताना कोणता संच कोणाकडे आहे ते केंद्राला कळवण्याची पद्धत ठेवली. खरेदीपेक्षा हे सगळे ठरवण्याची बैठक जास्त वेळ खाते, याची तयारी ठेवावी.

पल्ल्याविषयी दुकानदार जे सांगतात ते अर्धेच खरे असते. हे संच ५ किंवा ६ वॉटचे, तर बोटीवर कायम बसवलेले २५ वॉटचे असतात, पण व्हीएचएफच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जात असल्याने वॉटपेक्षा उंची महत्त्वाची ठरते. दोन्ही अँटेना पाण्यापासून दोन मीटरवर असतील तर रेडिओ क्षितिज, म्हणजे लहर पोचण्याची मर्यादा, हिशेबाने साडेअकरा किलोमीटरच्या आसपास येते, आणि प्रत्यक्षात लाटा व माणसांची शरीरे मध्ये आल्यावर त्यातले बरेच कमी होते. एक टोक ५० मीटर उंच कड्यावर नेले की तोच आकडा ३५ किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून सगळे संच बोटींवर वाटून न टाकता एका जबाबदार, नीट बोलणाऱ्या स्वयंसेवकाला उंचावर बसवून निरोप पुढे पोचवायला लावावे. अधिक वॉटचा संच शोधत फिरण्यापेक्षा हे स्वस्तही पडते.

बॅटरीच्या बाबतीत मी नाराज आहे. खोक्यावरचे तास बहुधा ५ टक्के बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के शांतता असे धरून काढलेले असतात. पाच-सहा बोटी एका चॅनेलवर असताना शांतता कुठली? जीपीएसही सतत चालू ठेवावे लागते, त्यामुळे छापील आकड्यावर मोहिमेचे वेळापत्रक आखू नये. साधे अल्कलाइन सेल बसणारा वेगळा ट्रे ज्या संचाबरोबर मिळतो तोच घ्यावा, मात्र त्यावर प्रसारणाची ताकद कमी होऊ शकते हे सर्वांना सांगून ठेवावे.

आवाज ठीक आहे, पण माइकच्या जाळीत पाणी बसले की बोलणे घुसमटते. संच उलटा करून झटकावा, तोंडासमोर न धरता गालाजवळ तिरका धरावा आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, नाहीतर पहिला शब्द, म्हणजे नेमके बोटीचे नाव, कापला जातो. दोघांनी एकदम बटण दाबले तर जोरकस लहर दुसरीला गिळून टाकते आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हा संचाचा दोष नाही, एफएमचा स्वभावच तसा आहे, आणि त्यावर ‘आधी बोट, मग जागा, मग निरोप’ एवढ्या शिस्तीशिवाय उपाय नाही.

लाल बटणाबद्दल थोडक्यात: झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरले की क्रमांक आणि जागा यांसह संकटसंदेश जातो, आणि पोच मिळेपर्यंत सुमारे चार-चार मिनिटांनी पुन्हा जात राहतो. स्वयंसेवक स्वतः पाण्यात पडला तर ते अमूल्य आहे. सरावात मात्र ते कोणीही दाबू नये, त्यासाठी टेस्ट कॉल आहे. चुकून दाबले गेलेच तर संच गुपचूप बंद न करता संदेश रद्द करावा आणि १६वर तसे तोंडी जाहीर करावे.

नव्याने घेणाऱ्या संस्थांनी एकाच नमुन्याचे संच घ्यावेत असा माझा आग्रह आहे, कारण मेन्यू प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि अंधारात दुसऱ्याच्या संचावर जागा विचारायची चावी शोधणे त्रासाचे होते. ते जमत नसेल तर निदान चार्जर आणि बॅटऱ्या आपसांत चालतील एवढे पाहावे, आणि एआयएस (जहाजे आपली ओळख व जागा आपोआप प्रसारित करतात ती यंत्रणा) दाखवणारा एखादा महागडा संच घटनास्थळावरच्या समन्वयकाकडे द्यावा. बाकीच्यांना त्याची गरज पडत नाही.