जपान, ब्रिटन की जर्मनी: ऑनसाइट गेल्यावर बाइकचं लायसन्स कसं मिळतं

ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या कंपन्यांमधून सतत कोणी ना कोणी ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशात राहायला, जात असतं. जाणारा सुट्टीच्या पहाटे माळशेजला निघणाऱ्यांपैकी असेल, तर व्हिसा, घरभाडं, मुलांची शाळा या सगळ्यासोबत आणखी एक प्रश्न त्याच्या मनात असतोच: तिकडे बाइक चालवता येईल का?

येईल. जपान, ब्रिटन आणि जर्मनी, तिन्हीकडे येईल. मात्र भारतीय लायसन्स खिडकीवर दिलं आणि परीक्षेशिवाय तिथलं हातात पडलं, असं तिघांपैकी कुठेच होत नाही. प्रत्येकाची मुदत वेगळी, कसोटी वेगळी. आणि या कामाचा एक मोठा भाग ठाण्यात किंवा वाशीत, विमानात बसण्याआधीच उरकावा लागतो. तो राहिला तर तिकडे जाऊन भरून काढणं फार महागात पडतं.

आधी आपलंच लायसन्स नीट बघा

कार्डावर दोनचाकीचा वर्ग कोणता लिहिलाय ते पाहा. एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची मोटरसायकल, एमसीडब्ल्यूओजी म्हणजे बिनगिअरची. कॉलेजात असताना स्कूटीवर टेस्ट दिलेल्या अनेकांच्या कार्डावर दुसराच वर्ग असतो. त्यांना पुढे वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही, म्हणून ते ध्यानातही येत नाही. परदेशातला अधिकारी मात्र पहिल्यांदा तेच बघतो.

गिअरचा वर्ग वाढवून घ्यायचा तर त्या वर्गाचं लर्निंग काढा, ३० दिवस थांबा, मग ट्रॅकवर टेस्ट द्या. ठाण्याचं एमएच-०४ असो, वाशीचं एमएच-४३ की पनवेलचं एमएच-४६, नियम एकच. ब्रिटनला किंवा जर्मनीला जायचं असेल तर एवढ्यावर भागतं. जपानला नाही. लायसन्स मिळाल्यानंतर ते देणाऱ्या देशात एकूण किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा जपान मागतो, आणि ही मोजणी त्या त्या वर्गाच्या तारखेपासून होते. म्हणजे लर्निंगचा एक महिना आणि नंतरचे तीन, शिवाय टेस्टचा स्लॉट मिळेपर्यंतचे दिवस. ऑनसाइटचं पत्र इतकं आधी कोणाला येतं? टोकियोच्या प्रोजेक्टवर नुसतं नाव जरी चर्चेत असलं, तरी गिअरचा वर्ग आजच वाढवून घ्यावा असं मी म्हणेन. प्रोजेक्ट फिसकटला तरी तो वर्ग वाया जात नाही.

पुराव्याचं दुसरं अंग कागदांचं. नूतनीकरण किंवा पत्ताबदल झालेल्या कार्डावर मूळ तारीख स्पष्ट दिसेलच असं नाही. त्यासाठी सारथी पोर्टलवरून लायसन्सचा उतारा मागवता येतो. तो इथे असतानाच काढावा. जुने पासपोर्टही सोबत न्यावेत, कारण भारतात कधीपासून कधीपर्यंत होतात ते त्यातल्या शिक्क्यांवरूनच दाखवावं लागतं.

पहिलं वर्ष: इथे सरळ फरक पडतो

ब्रिटन सगळ्यात सोपं. तिथे रहिवासी झाल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर बाइक चालवता येते. कार्ड इंग्रजीत असल्यामुळे भाषांतराची कटकट नाही. रस्ताही डाव्या बाजूचाच, त्यामुळे हाताला लागलेल्या सवयी मोडाव्या लागत नाहीत.

जपानमध्ये नुसतं कार्ड चालत नाही, आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आपल्या आरटीओतून मिळणारा परवाना १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचा असतो आणि जपान नेमका तोच मानतो. नमुना ४-अ भरायचा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यात मोटरसायकलच्या, म्हणजे 'ए' वर्गाच्या रकान्यात शिक्का आहे का, हे खिडकीसमोरून हलण्याआधी तपासा. जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष किंवा परवान्याची मुदत, यांतलं जे आधी संपेल तिथे थांबायचं.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज होतो. गणपतीत आठवडाभर घरी यायचं, नवा परवाना घ्यायचा आणि परत जाऊन आणखी एक वर्ष चालवायचं, असा बेत आखला जातो. जपानमध्ये रहिवासी म्हणून नोंद असलेल्याला हे चालत नाही. देशाबाहेर किमान तीन महिने राहून परत आलात तरच वर्ष नव्याने सुरू होतं. २०२१पासून मुदत संपलेला परवाना परदेशातूनच, भारतीय दूतावासामार्फत नवा करता येतो. सोय चांगली आहे, पण जपानमधल्या रहिवाशाचं वर्ष त्यामुळे वाढत नाही.

जर्मनी सगळ्यात कडक. तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून फक्त ६ महिने. मुक्काम वर्षाच्या आतलाच आहे हे कागदांवर दाखवता आलं, तर मुदत आणखी ६ महिन्यांपर्यंत वाढवून मागता येते. ज्यांचं डेप्युटेशन ११ महिन्यांचं असतं त्यांनी हा अर्ज जरूर करावा. १९४९च्या करारात जर्मनी सहभागी नाही, म्हणून निव्वळ आपल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर विसंबू नका. भारतीय कार्ड आणि त्याचं अधिकृत जर्मन भाषांतर जवळ ठेवा.

मुदत संपल्यावर

ब्रिटनमध्ये मुदत संपली की जवळजवळ पहिलीपासून सुरुवात. ३४ पाउंड भरून ऑनलाइन प्रोव्हिजनल लायसन्स काढायचं, मग सीबीटी नावाचं प्रशिक्षण घ्यायचं. त्यात पास-नापास नसतं. प्रशिक्षकाला तुम्ही सुरक्षित वाटलात की दाखला मिळतो. त्यावर 'एल'ची पाटी लावून १२५ सीसीपर्यंतची बाइक दोन वर्षं चालवता येते, पण मागे कोणी बसायचं नाही आणि मोटरवेवर जायचं नाही. पूर्ण लायसन्ससाठी पुढे लेखी परीक्षा: ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर हवीत, शिवाय व्हिडिओवर धोका ओळखायच्या भागात ७५ पैकी ४४ गुण. त्याची फी २३ पाउंड. मग प्रत्यक्ष परीक्षेचे दोन भाग, फी अनुक्रमे १५.५० आणि ७५ पाउंड. पहिल्या भागात आपल्या ट्रॅकवरचा आठ आहे, यू-टर्न आहे आणि ताशी ५० किलोमीटरला अचानक ब्रेक लावणंही आहे. आठ आपल्याला जमतो. तो ब्रेक कोणी कधी शिकवलेला नसतो, म्हणून त्याचा सराव पैसे देऊन करावा.

वय २४ पूर्ण असेल तर ब्रिटन आणि जर्मनी दोन्हीकडे थेट सर्वांत वरच्या, ताकदीची मर्यादा नसलेल्या 'ए' वर्गाची परीक्षा देता येते. ती ६०० सीसीच्या घरातल्या बाइकवर होते. बुलेट चालवणाऱ्याला वजन नवं नसतं, ताकद नवी असते. आणखी एक गोष्ट: अटल सेतू आणि पुणे एक्सप्रेसवेवर दोनचाकीला बंदी असल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना तसल्या वेगाच्या रस्त्यावर लेन बदलायचा अनुभवच नसतो. तिकडे पूर्ण लायसन्स असेल तर बाइक ब्रिटनच्या मोटरवेवर आणि जर्मनीच्या आउटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांवर, नेता येते. आपण चांगले रायडर असलो तरी हे कौशल्य आपल्याकडे नसतं, हे मान्य करून दोन-चार तास जास्तीचे शिकावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जर्मनीत लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, पण भारतीय लायसन्स असल्यामुळे सक्तीचे तास माफ होतात. ही सवलत मोठी आहे. तिथल्या नवशिक्याला महामार्ग, गावाबाहेरचा रस्ता आणि रात्र मिळून १२ खास फेऱ्या कराव्याच लागतात. तरी ड्रायव्हिंग स्कूल टाळता येत नाही, कारण परीक्षेला प्रशिक्षक सोबत लागतो. तो आणि परीक्षक मागून कारमध्ये येतात, तुम्ही कानातल्या रेडिओवर सूचना ऐकत पुढे बाइक चालवायची. जॅकेट, हातमोजे, बूट सक्तीचे. शिवाय डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा वर्ग. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. रस्ता उजव्या बाजूचा, आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम गल्लीबोळांतही पाळला जातो. आपल्या हातांना तो सर्वांत उशिरा पटतो. नवं लायसन्स देताना तिथलं कार्यालय भारतीय कार्ड जमा करून घेतं, त्यामुळे आधी दोन्ही बाजूंच्या प्रती काढून ठेवा.

जपानची गोष्ट वेगळी

जपानमध्ये दोन वाटा आहेत आणि खरा निर्णय इथेच घ्यायचा असतो.

पहिली वाट रूपांतराची, तिकडे तिला 'गाइमेन किरिकाए' म्हणतात. भारतीय लायसन्सचं जपानी भाषांतर, रहिवासी दाखला, आधीच्या मुक्कामाचे पुरावे, मग लेखी परीक्षा आणि केंद्राच्या ट्रॅकवर प्रत्यक्ष चाचणी. टोकियोत सामेझु आणि फुचू इथली केंद्रं सगळ्यांना माहीत असतात. पूर्वी लेखी परीक्षा १० प्रश्नांची होती आणि ७ बरोबर आले की पुढे जाता यायचं. १ ऑक्टोबर २०२५पासून ५० प्रश्न आणि ९० टक्के, म्हणजे ४५ बरोबर हवेत. ट्रॅकवरचं मूल्यमापनही कडक झालं. आधी गेलेल्या मित्राचा सल्ला या बाबतीत आता जुना झाला आहे. कार आणि बाइक दोन्ही रूपांतरित करायच्या असतील तर ट्रॅकवरची चाचणी दोन्हींची वेगळी होते.

दुसरी वाट तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलची. कारचं जपानी लायसन्स हाती असेल तर ४०० सीसीपर्यंतच्या वर्गासाठी वर्गातला १ तास आणि बाइकवरचे १७ तास. काहीच नसेल तर २६ आणि १९. मान्यताप्राप्त स्कूलमधून पास झालात की केंद्रावरची प्रत्यक्ष परीक्षा माफ. खर्च लाख येनच्या पुढे जातो, आणि बहुतेक ठिकाणी शिकवणं जपानीतच असतं.

शिकवणी कसली असते तेही ऐका. ३० सेंटिमीटर रुंद, १५ मीटर लांब फळीवरून बाइक न्यायची, आणि तीही हळू: ४०० सीसीच्या वर्गाला किमान ७ सेकंद, मोठ्या बाइकला १०. चाक खाली उतरलं की परीक्षा तिथेच संपली. घोडबंदर रोडच्या कोंडीत हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर ज्याने वर्षं काढली, त्याला ही फळी अवघड जात नाही. आपली माणसं अडकतात ती मान वळवण्यात. वळण्याआधी आरसा, मग खांद्यावरून प्रत्यक्ष नजर, हे दर वेळी परीक्षकाला दिसेल असं करावं लागतं, आणि आपल्याला ती सवय कोणी लावलेली नसते.

माझं मत विचाराल तर दोन्ही वाटा जोडाव्यात. कारचं लायसन्स रूपांतर करून घ्या आणि बाइक स्कूलमध्ये शिका. पैसे जास्त जातात, पण ट्रॅकवर वारंवार नापास होऊन बुडणाऱ्या रजा वाचतात, आणि हात खरोखर सुधारतो. मात्र बाइकचं लायसन्स असं नवं घेतलं की पहिलं वर्ष मागे कोणाला बसवता येत नाही. एक्सप्रेसवेवर जोडीने जायला वय २० आणि ३ वर्षांचा अनुभव लागतो. जोडीदारासोबत फुजीच्या फेऱ्या मारायचं ठरवून चाललेल्यांनी हे आधीच घरात सांगून ठेवावं.

कोणासाठी काय

मुक्काम वर्षभराचा असेल तर ब्रिटनमध्ये काहीच करायची गरज नाही, जपानसाठी आंतरराष्ट्रीय परवाना पुरतो, जर्मनीत मुदतवाढीचा अर्ज करा. दोन वर्षं किंवा जास्त असेल तर मुदत संपायची वाट न बघता चौथ्या-पाचव्या महिन्यातच तयारीला लागा. ब्रिटन आणि जपानमध्ये स्वतःच्या पैशांनी, सवडीने हे जमतं. जर्मनीत जायचं असेल आणि बाइक फक्त उन्हाळ्यातल्या काही रविवारांपुरती हवी असेल, तर मी आधी कारचं लायसन्स उरकेन. मुदत टळल्यावर आणखी दोन आठवडे चालवून बघण्याचा मोह तिन्ही देशांत टाळा. लायसन्स ग्राह्य नसताना अपघात झाला तर विम्याचं संरक्षण धोक्यात येतं, आणि समोरच्याच्या उपचारांचा खर्च आपल्या अंगावर येऊ शकतो.

फक्त स्कूटरच चालवणाऱ्यांसाठी जपान सर्वांत सोयीचा. कारचं जपानी लायसन्स असेल तर १२५ सीसीपर्यंतच्या बिनगिअर वर्गाला स्कूलमध्ये बाइकवरचे ८ तास आणि वर्गातला १ तास पुरतो. १ एप्रिल २०२५पासून तर ४ किलोवॅटपर्यंत ताकद रोखलेली १२५ सीसीची स्कूटर कारच्या लायसन्सवरही चालवता येते, ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेत आणि एकट्याने. ब्रिटनमध्ये स्कूटरसाठी सीबीटीचा दाखला पुरेसा आहे, फक्त दोन वर्षांनी तो पुन्हा घ्यावा लागतो. जर्मनीत कारच्या लायसन्सवर ५० सीसीची, ताशी ४५ किलोमीटरची स्कूटर चालते. शहरातल्या शहरात कामावर जायला आणि भाजी आणायला तेवढी पुरते.