जिम, मॉर्निंग वॉक की घरचा व्यायाम? गोव्याच्या पावसात आणि चवथीत तगेल ते निवडा

वजन उतरवायचे ठरले की पहिला प्रश्न हाच येतो: जिम लावावी, सकाळी चालायला जावे, की घरातच काहीतरी सुरू करावे? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एवढेच ऐकायचे असते की जास्त कॅलरी कशात जळतात. मी या तिघांना वेगळे माप लावणार आहे. गोव्यात व्यायाम सुटण्याच्या वेळा जवळजवळ ठरलेल्या आहेत. जूनमधला पहिला मोठा पाऊस, त्यानंतर चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, मग नाताळ आणि नवे वर्ष, आणि आगेमागे गावोगावच्या जत्रा. या वेळांतून कोणता व्यायाम तगतो आणि सुटलाच तर कोणत्याकडे परत जाणे सोपे जाते, हे पाहून निवड करावी, असे माझे ठाम मत आहे.

हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. आपल्याकडे दर चार प्रौढांमागे एकाला तरी साखर आहे. दिलासा देणारी गोष्टही आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला ७ टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. पंधरा-वीस किलो उतरवण्याच्या गोष्टी ऐकून आधीच हबकलेल्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवावा.

आधी कॅलरींचा हिशेब उरकून घेऊ, कारण बरेच जण तिथेच अडकतात. ७० किलोचा माणूस तासभर भरभर चालला तर साधारण २५० कॅलरी खर्च होतात. ६५० मिलिलिटरच्या बियरच्या एका बाटलीत जवळपास तेवढ्याच असतात. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी. ताटात काहीच बदल न करता रोज तासभर चालले, तर एक किलो उतरायला महिना-सव्वा महिना सहज जातो. जिममध्ये किंवा घरी हा आकडा थोडा वरखाली होईल, पण वजनाचा मोठा निकाल दुपारच्या शीत-कडीतले शीत म्हणजे भात किती, मासळी रव्यात घोळून तळलेली की हुमणातली म्हणजे रश्श्यातली, आणि संध्याकाळी भाजी-पावाबरोबर मिरची भजी किती, यावर लागतो. त्यामुळे तिन्ही पर्यायांतला कॅलरींचा फरक निवडीसाठी फारसा कामाचा नाही. वर्षभर चालू राहील तोच कामाचा.

जिम

जिमचा मोठा फायदा छप्पर आहे. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात छपराला किंमत असते. दुसरा फायदा वजने उचलण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला आहे. चालणारे लोक तो हमखास विसरतात. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पन्नाशीनंतर ते परत कमावणे कठीण जाते. वेर्णे किंवा कुंडईच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला जिम सोयीचीही पडते, कारण ती रात्री आठ-नऊलाही उघडी असते.

खरी अडचण फीमध्ये आहे, म्हणजे फी भरण्याच्या पद्धतीत. वार्षिक फी स्वस्त दिसते आणि पैसे भरले की आपण जाऊच, असे प्रत्येकाला वाटते. अमेरिकेतल्या जिम-सदस्यांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे लोक सरासरी महिन्याला चार-साडेचार वेळाच येत होते. एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर लागले असते. उत्साहाच्या भरात आपण आपल्याच पुढच्या महिन्यांबद्दल फार चांगले मत करून घेतो. म्हणून पहिले तीन महिने महिन्या-महिन्याची फी भरा, ती महाग पडली तरी. जानेवारीत वर्षभराची सवलत दाखवून घाई करणाऱ्याला सरळ नाही म्हणा. पहिल्याच आठवड्यात प्रोटीन पावडरचे डबे पुढे करणारी जिमही टाळलेली बरी.

अंतराचेही तसेच. फोंड्यात राहून पणजीला नोकरी करणाऱ्याने जिम घराजवळची घ्यावी की कचेरीजवळची? मी म्हणेन, घरी परतण्याच्या वाटेवरची, घर लागण्याआधीची. जुलैच्या संध्याकाळी भिजून घरी आल्यावर, चहा घेऊन पुन्हा बाहेर पडणारी माणसे असतात, पण थोडी.

आणि चवथ. एका अमेरिकी विद्यापीठाच्या जिममध्ये केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. सहभागींना गुंतवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या ध्वनिमुद्रित करून दिल्या आणि त्या फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी व्यवस्था केली. पुढे काय होते हे ऐकायच्या ओढीने सुरुवातीला त्यांच्या खेपा ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या. मग थँक्सगिव्हिंगची सुटी आली आणि परिणाम ओसरला. आपल्याकडे ती सुटी म्हणजे चवथ. घर साफ करणे, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधणे, नेवऱ्या, पाहुणे, विसर्जन, आणि जिमची बॅग कपाटाच्या तळाशी. विसर्जनानंतरच्या सोमवारी कोणाबरोबर आणि किती वाजता जायचे हे चवथीपूर्वीच ठरवून ठेवले, तर परतायची वाट मोकळी राहते. एकट्याने जिमला जाणाऱ्याला हे ठरवून द्यायला कोणी नसते.

मॉर्निंग वॉक

गोव्यात चालायला जागा भरपूर आहेत. पणजीकरांना कांपाल आहे, मिरामार आहे, दम लागेल असा आल्तिनोचा चढ आहे. म्हापशात पेडेचे क्रीडासंकुल, मडगावात फातोर्ड्याचा परिसर, फोंड्यात फर्मागुढीचा उतार-चढाव. खेड्यात गावचे मैदान किंवा देवळाचे प्रांगण. खर्च बुटांपुरता.

मिरामारला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, हे मोजून सिद्ध झालेले आहे. ऐकायला फायद्याचे वाटते, पण नव्याने सुरू करणाऱ्याच्या पोटऱ्या आणि टाचा चार दिवसांत दुखू लागतात आणि पाचव्या दिवशी तो घरी बसतो. आधी पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर किंवा सरळ पदपथावर चाला. कोरडी वाळू महिन्याभराने, आणि तीही दहा मिनिटे. किनाऱ्याच्या उतारामुळे एका बाजूचा गुडघा जास्त भार घेतो, म्हणून जाताना जेवढे चालाल तेवढेच त्याच रेषेत परत या.

माझ्या मते चालण्याचे सगळ्यात मोठे बळ सोबतीत आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उतरवण्याच्या कार्यक्रमाला काही लोक एकेकटे आले होते, तर काही आपापले मित्र किंवा नातेवाईक घेऊन. एकट्याने येऊन नेहमीचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी तो पूर्ण केला आणि २४ टक्क्यांनी उतरलेले वजन पुढचे सहा महिने पूर्णपणे टिकवले. मित्रांसोबत आलेल्यांना एकमेकांना धरून राहायचेही शिकवले होते. त्यांच्यात ९५ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि ६६ टक्क्यांनी वजन टिकवले. पहाटे सहाला कोपऱ्यावर शेजारची वहिनी उभी आहे हे माहीत असले की पांघरूण बाजूला होते. जिममध्येही सोबत मिळू शकते, पण तिथे दोघांची फी, दोघांची वेळ, दोघांची गाडी जुळावी लागते. चालायला हाक मारली की झाले.

सोबत निवडताना मात्र विचार करा. पाच जणांचा गट मजेचा असतो, पण त्यात एखादा गैरहजर राहिला तर कोणाला जाणवत नाही. दोघेच असले की न येण्याचे कारण सांगावे लागते. शिवाय चालून झाल्यावर गाड्यावर भाजी-पाव खायची पद्धत गटात लवकर पडते.

चालण्याच्या उणिवा उघड आहेत. खेड्यातल्या वळणावळणाच्या रस्त्यांना पदपथ नाही आणि बसेस भरधाव. भटकी कुत्री आहेत. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे लवकर कामाला जाणाऱ्याने चालायचे ते अंधारात. आणि पाऊस. पण पावसाबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण जून लागला की चार महिन्यांची सुटीच, असे आपण धरून चालतो. अगदी धो धो पावसाचे दिवस सोडले तर दिवसभरात उघडीप मिळते, फक्त ती ठरल्या वेळी मिळत नाही. चालण्याची एकच वेळ धरून बसणारा पावसाळ्यात हरतो. घराजवळ देवळाचा सभामंडप असेल, घरापुढचे मोठे बाल्कांव म्हणजे ओसरी असेल, तर वीस मिनिटे तिथेही होतात. सकाळ हुकली तर संध्याकाळी, आणि दोन्ही हुकल्या तर घरात. इथेच तिसरा पर्याय कामाला येतो.

घरचा व्यायाम

सूर्यनमस्कार, खुर्चीवर बसणे-उठणे, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. वीस मिनिटे आणि चटईएवढी जागा पुरते. सासू-सासरे, मुले, डबे यांतून ज्यांना तासभर बाहेर पडता येत नाही त्या बायकांसाठी हा कित्येकदा एकमेव शक्य पर्याय असतो, आणि त्याला कमी लेखू नये. स्नायूंच्या दोन दिवसांची गरज यातून भागू शकते. फरशीवर दोरीच्या उड्या मात्र वजन जास्त असताना नकोत. गुडघे तक्रार करतात.

त्रुटी एवढीच की कोणी वाट पाहत नसते. फोनवरचा व्हिडिओ आपण थांबवला तर तो काही बोलत नाही. म्हणून घरच्या व्यायामाला घड्याळापेक्षा रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीचा आधार द्यावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात लोकांनी नवी कृती रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडली होती, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. ती अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांपर्यंत लागले, निम्म्यांना त्याहून जास्त. कोणाला १८, कोणाला २५४. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. आपल्याकडे असा प्रसंग दारात येतो: पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न. पाव घेतले, डब्यात ठेवले, चटई पसरली. १ ऑक्टोबरला सुरू केले तर ६६ वा दिवस ५ डिसेंबरला येतो, नाताळच्या धामधुमीआधी. वर्षातली सुरुवात करण्याची ही सगळ्यात चांगली खिडकी आहे, कारण पाऊस ओसरत आलेला असतो आणि चवथ मागे पडलेली असते.

पोहणे आणि सायकल यांबद्दल थोडक्यात. गुडघे दुखत असतील तर पोहण्यासारखे दुसरे काही नाही. पणजीत कांपालचा जलतरण तलाव आहे. जून ते सप्टेंबर समुद्रात मुळीच उतरू नका. सायकल सुंदर, पण महामार्गाच्या कडेने चालवावी लागत असेल तर मी नव्या माणसाला सुचवणार नाही. मिरामारला २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा झाली: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. असे काही पाहून अंगात आलेला जोर आठवडाभर राहतो. त्या जोरावर महाग सायकल विकत घेऊ नये.

मग निवड कशी करायची? नव्याने सुरू करणाऱ्याला, वय काहीही असो, मी चालणे सांगेन. एकाच सोबत्याबरोबर, आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटे. म्हणजे १५० मिनिटे भरली. त्याला जोडून घरचा वीस मिनिटांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, आणि पाऊस कोसळत असेल त्या दिवशी चालण्याऐवजी तोच. जिम अशांसाठी, ज्यांचे हे सगळे तीन महिने चालले आहे आणि ज्यांना आता वजने उचलायची आहेत, किंवा ज्यांची शिफ्ट सकाळ हातीच लागू देत नाही. पूर्वी खेळलेल्या, शाळेत फुटबॉल खेळून अंग तयार असलेल्या माणसाने थेट जिमने सुरुवात केली तरी चालेल.

प्रगती मोजायला काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरा. भारतीय पुरुषांनी कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांनी ८० च्या आत ठेवावी, असे डॉक्टर सांगतात. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तरी टेप हललेली असू शकते, आणि त्या काळात मन टिकवायला तेवढे पुरते. मापे महिन्यातून एकदा, पोट रिकामे असताना, बेंबीच्या उंचीवर घ्या.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालणे वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण मात्रा कमी करावी लागू शकते. चालताना साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात दोन खडीसाखरेचे खडे ठेवा. छातीत दुखणे किंवा चालताना विचित्र दम लागणे असेल तर आधी तपासणी, मग सोबती शोधा.