चुकीनंतरचे पहिले मिनिट: सहा रविवारांच्या मानसिक प्रशिक्षण वर्गाविषयी

सोलापुरातील सात रस्ता परिसरातल्या एका सभागृहात यंदा एप्रिल-मे महिन्यांत सहा रविवार, सकाळी सात ते दहा, खेळातील आणि कामातील उच्च कामगिरीच्या मानसिकतेवर एक प्रशिक्षण वर्ग झाला. शुल्क माणशी २४०० रुपये होते. मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे आणि माझी सोळा वर्षांची मुलगी जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळते. आम्ही दोघांनीही नाव नोंदवले होते. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, पण असा वर्ग लावावा की नाही या विचारात असलेल्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा.

पहिले दोन रविवार वाया गेले, हे आधीच सांगून टाकतो. टाळ्या, घोषणा, शेजाऱ्याचा हात धरून ‘मी करू शकतो’ असे तीनदा म्हणणे आणि पडद्यावर इंग्रजी मजकूर, असा तो प्रकार होता. समोर बसलेल्यांत मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतली माणसे होती, त्यातले निम्मे तो मजकूर वाचण्याच्या भानगडीत पडले नाहीत. साडेनऊनंतर सभागृहात उकाडा इतका वाढे की एकाग्रतेवरचे व्याख्यान ऐकणारे सगळेच पंख्याकडे एकाग्र झालेले असत. शिवाय दहा हजार तास सराव केला की कोणीही निष्णात होतो, हे विधान तेथे सिद्धान्ताच्या थाटात सांगण्यात आले. ज्या अभ्यासावरून ही कल्पना पसरली तो मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा, बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास होता. दहा हजार हा आकडा त्यातील सर्वोत्तम गटाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाची सरासरी होती. तास मोजण्यापेक्षा नेमकी उणीव हेरून, कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेला सराव महत्त्वाचा, असे स्वतः एरिक्सन पुढे सांगत राहिले. शुल्क घेणाऱ्याने एवढे तरी वाचून यायला हवे होते.

तिसऱ्या रविवारी प्रशिक्षक बदलले आणि वर्गाचा नूरच पालटला. नव्या गृहस्थांनी फळ्यावर उलट्या वाटीसारखी एक रेघ काढली. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले होते. कठीण गोष्ट शिकताना उत्तेजना फार कमी असली तरी शिकणे मंदावते आणि फार जास्त झाली तरीही मंदावते, असे त्यांत दिसले होते. हे सांगून होते न होते तोच मागच्या रांगेतले एक वयस्कर विणकर म्हणाले, “साहेब, ताणा ढिला ठेवला तर कापड झोल खातं आणि जास्त खेचला तर तार तुटते. हे आम्हाला उंदराशिवाय माहीत आहे.” वर्ग मनापासून हसला, आणि प्रशिक्षकांचे कौतुक असे की त्यांनी पुढचे तीनही रविवार तोच दाखला धरून ठेवला.

याच भागात स्वप्नील कुसळे यांचे उदाहरण आले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. पात्रता फेरीत ते सातवे होते. कोल्हापूर जिल्ह्यातला हा नेमबाज मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. सोलापूर म्हणजे रेल्वेच्या विभागाचे ठाणे, त्यामुळे हे नाव निघताच रेल्वे वसाहतीतली मंडळी सरसावून बसली. तरीही प्रशिक्षकांनी त्याची प्रेरणाकथा होऊ दिली नाही. गुडघ्यावर, पालथे पडून आणि शेवटी उभ्याने, अशा क्रमाने चालणाऱ्या त्या अंतिम फेरीत एखादी गोळी वाईट गेल्यावर पुढची गोळी झाडेपर्यंत नेमबाज काय काय करतो, एवढेच त्यांनी सावकाश उलगडून दाखवले. वर्गाचा खरा विषय तेथे हाती लागला.

मुलीच्या बाबतीत त्याचा प्रत्यय लगेच आला. अठरा-तेरा अशी आघाडी असताना गेम घालवण्याची तिची जुनी खोड आहे, कारण तिचे लक्ष शटलवरून गुणफलकाकडे जाते. प्रशिक्षकांनी तिला चूक झाल्यावर करायचा अर्ध्या मिनिटाचा क्रम दिला. तिने तेथेच हरकत घेतली की बॅडमिंटनमध्ये खेळ अखंड चालू ठेवावा लागतो, अकरा गुणांवर साठ सेकंदांची विश्रांती मिळते ती वेगळी, पण एरवी एवढा वेळ काढला तर पंच टोकतील. ते क्षणभर गप्प झाले, मग ‘माझं चुकलं, मी क्रिकेटच्या हिशेबाने सांगत होतो’ असे म्हणून त्यांनी तो क्रम तीन गोष्टींवर आणला. जाळीकडे पाठ करायची, घेतला त्यापेक्षा लांब श्वास सोडायचा आणि मनात ‘पाय’ एवढाच शब्द म्हणून वळायचे. स्वतःच्या शिकवणीतली चूक तीस जणांसमोर मान्य करून लगेच दुरुस्त करणारा प्रशिक्षक पाहणे, हाच माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत चांगला धडा होता. मेच्या अखेरीस एका सामन्यात ती वीस-सोळावरून वीस-वीसवर आली आणि तरीही गेम जिंकली. मधल्या चारही गुणांनंतर तिची पाठ जाळीकडे वळलेली मी मोजली.

माझ्या वाट्याला आलेला गृहपाठ कमी सुखद होता. कारखान्यात माग बंद पडल्यावर किंवा माल सदोष निघाल्यावर आपण तोंडातून पहिले वाक्य कोणते काढतो, ते आठवडाभर वहीत टिपायचे होते. सात दिवसांत चौदा नोंदी झाल्या आणि त्यातल्या अकरा ‘कोण होतं मागावर?’ अशा होत्या. ही वही बायकोला दाखवली तेव्हा ती म्हणाली की घरातही वेगळे काही नसते. तेव्हापासून पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा विचारण्याची सवय लावून घेतो आहे, अधूनमधून चुकतोही. उत्पादन वाढले असे म्हणणे खोटे ठरेल. फरक इतकाच पडला की काठ बिघडत असल्याचे कामगार आता माल घडीला जाण्याआधी येऊन सांगतात, पूर्वी ते मला गाठोडे उलगडल्यावर कळत असे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. चहा चांगला होता, वेळ पाळली गेली, प्रमाणपत्रावर मुलीचे नाव चुकीचे छापले आणि दोनदा सांगूनही दुरुस्त करून मिळाले नाही. ध्येय कसे ठरवावे यावरचा पाचवा रविवार बरा होता, पण शाळकरी मुले आणि नोकरदार यांना एकत्र बसवल्यामुळे दोघांचेही प्रश्न अर्धवट राहिले. शेवटच्या रविवारी पुढच्या ‘प्रगत’ वर्गाची जाहिरात चाळीस मिनिटे चालली. त्याचे शुल्क दुपटीहून जास्त आहे आणि तो मी लावणार नाही.

खेळणाऱ्या मुलांसाठी मात्र हाच वर्ग मी सुचवेन, अट एवढीच की नाव नोंदवण्याआधी तिसऱ्या रविवारचे प्रशिक्षक पहिल्यापासून असणार आहेत का आणि शिकवणी मराठीत होणार का, हे विचारून घ्यावे. मी कार्यालयात विचारले तेव्हा दोन्हींचे उत्तर ‘बघू’ असे मिळाले.